बॅटरी कुठे ठेवायची?

मित्रांनो, एक कोडे घालतो. चौदा फूट लांबीची, शिडावर चालणारी एक छोटी होडी आहे. तीत तीन माणसे बसणार आहेत. आणि तुमच्या हातात बारा किलो वजनाची एक बॅटरी आहे, मोटारीत असते ना, तसली. आता सांगा, ही बॅटरी होडीत कुठे ठेवाल?

सोपे वाटले ना? मलाही वाटले होते. ही गोष्ट १९९६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. मी तेव्हा सातवीत होतो आणि मला सगळ्याच गोष्टी सोप्या वाटत असत.

माझा मामा नाशिकला सातपूरला राहायचा आणि ओझरच्या विमानांच्या कारखान्यात नोकरीला होता. हाच तो कारखाना, जिथे मिग विमाने तयार झाली. दिवसभर विमानांत बुडालेला हा माणूस संध्याकाळी घरी आला की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचा आणि होडी बांधायचा. दोन वर्षे हे चालले होते. प्लायवूडचा सांगाडा, वरून फायबरग्लासचा थर, सागाची डोलकाठी. आजी म्हणायची, "दिवसा आकाशातलं करतो, रात्री पाण्यातलं. हा जमिनीवर कधी यायचा?"

तुम्ही म्हणाल, शिडाची होडी वाऱ्यावर चालते, तिला बॅटरी कशाला? मीही हेच विचारले. मामा म्हणाला, "वारा होडी ढकलतो रे, दिवे नाही लावत. अंधार पडला की डाव्या बाजूला तांबडा दिवा, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा लागतो. समोरून येणाऱ्याला कळायला हवं, आपण कुठे तोंड करून निघालोय ते. आणि तळात साचलेलं पाणी उपसायला एक छोटा पंप."

गंगापूर धरणाच्या पाण्यात फिरायला खरे तर याची गरज नव्हती. पण मामाच्या डोक्यात कोकण होते. होडी एकदा धरणात नीट चालवून बघायची आणि मग ट्रकवर घालून थेट मुरुडला न्यायची, असा त्याचा बेत होता.

तर बॅटरी आली. एका गॅरेजवाल्याकडून मामाने बारा व्होल्टची चांगली बॅटरी आणली आणि शेडच्या दारात ठेवून आम्हा दोघांना विचारले, "बोला, कुठे ठेवायची?" दोघे म्हणजे मी आणि ताई. ताई म्हणजे मामेबहीण, नववीतली.

मी म्हणालो, "मागे. सुकाणूपाशी तू बसणार, तुझ्या बाकाखाली ठेवू. बटण हाताशी, बॅटरी पायाशी!"

ताई म्हणाली, "छे! पुढे नाळेत ठेवायची. तिथे कोणी बसत नाही, जागा रिकामीच असते." नाळ म्हणजे होडीचे पुढचे टोक.

मामाने दोघांपैकी कोणालाच चूक म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एका जुन्या रंगाच्या डब्यात वाळू भरून काट्यावर बरोबर बारा किलो तोलली आणि होडी ट्रेलरवर घालून आम्हाला धरणावर नेले. परवानगीचा कागद त्याच्या खिशात होता आणि आमच्या अंगात लाइफ जॅकेट. ते घातल्याशिवाय तो आम्हाला घोट्याएवढ्या पाण्यातही होडीत चढू देत नसे.

पहिल्यांदा डबा मागे ठेवला. मामा सुकाणूपाशी बसला, आम्ही दोघे पुढे डोलकाठीजवळ. होडीचे शेपूट पाण्यात रुतले आणि मागे पाणी खळखळ करत ओढले जाऊ लागले. पायाला दगड बांधून पळाल्यासारखी होडी चालायची. मग डबा पुढे नाळेत ठेवला. गंमत म्हणजे होडी आता अगदी सपाट उभी राहिली! ताईने माझ्याकडे असे पाहिले की विचारू नका.

पण किनाऱ्यापासून थोडे दूर गेलो, लहान लहान लाटा लागल्या आणि होडी खाली-वर डोलू लागली. एकदा नाक खाली गेले की चटकन वर येईना. तिसऱ्या लाटेचे पाणी थेट ताईच्या मांडीवर.

घरी आल्यावर मामाने मला एक काठी दिली आणि तिच्या दोन टोकांना पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या बांधल्या. काठी मधोमध धरून वर-खाली हलवायला सांगितली. मग त्याच बाटल्या मुठीजवळ सरकवून बांधल्या. वजन तेवढेच, पण आता काठी पिसासारखी हलकी फिरायची! तुम्ही घरी करून बघा, विश्वास बसणार नाही. टोकाला वजन असेल तर हलणे सुरू करायलाही जोर लागतो आणि थांबवायलाही. होडीचेही तसेच. टोकाला जड वस्तू असली की लाटेबरोबर तिचे नाक पटकन वर उचलले जात नाही.

"पण मामा, होडी सपाट तर माझ्याच जागेमुळे झाली होती," ताई हटून बसली.

यावर मामाने वहीचे पान फाडले. विमानात म्हणे प्रत्येक वस्तूचे नुसते वजन लिहून भागत नाही; ती एका ठरावीक रेघेपासून किती अंतरावर आहे, तेही लिहावे लागते. वजन गुणिले अंतर. बागेतल्या सीसॉवर बारीक मुलगा टोकाला बसला तर जाड मुलाला मध्याकडे सरकावे लागते, तेच हे. मामाचे वजन ७० किलो. तो होडीच्या मध्यापासून दीड मीटर मागे बसायचा. ७० गुणिले दीड, १०५. ताई ४५ किलो, मी ३८, दोघे मिळून ८३. आम्ही मध्यापासून एक मीटर पुढे, म्हणून ८३. मागचे पारडे २२ ने जड. ते भरून काढायला १२ किलोची बॅटरी जवळजवळ १.८ मीटर पुढे हवी, म्हणजे पार नाळेत!

"म्हणजे माझंच बरोबर," ताई म्हणाली.

"थांब ना. बॅटरीला पाय नाहीत, मला आहेत," मामा म्हणाला. "मी तीस सेंटिमीटर पुढे सरकून बसलो तर? ७० गुणिले १.२ किती?"

८४! मागे ८४, पुढे ८३. माणसानेच सरकून घेतल्यावर बॅटरीला कुठे जायची गरजच उरली नाही. ती मधोमध बसू शकत होती. मला हे गणित तेव्हा इतके आवडले, की पुढे कित्येक दिवस मी रिक्षात कोणी कुठे बसावे याचे हिशेब मांडत असे.

मधोमध म्हणजे तरी नक्की कुठे? या होडीच्या मध्यावर एक उभी फळी पाण्यात सोडायची सोय होती. ती नसेल तर वारा होडीला आडवी ढकलत नेतो. या फळीच्या पेटीला लागूनच, मागच्या बाजूला, मधल्या बाकाखाली बॅटरी बसवायची ठरली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, बरोबर कण्यावर. आणि जितकी खाली तितकी चांगली. जुने दर्यावर्दी गलबताच्या तळात दगड भरायचे, त्याला नीरम म्हणत, ते याचसाठी. जड वस्तू खाली असली की होडी कलंडायला कुरकुरते. पण अगदी तळाला टेकवूनही चालत नाही, कारण तळात पाणी साचते. म्हणून चार बोटे उंचीचा लाकडी पाट.

पाण्याचे मामाला फार भय. गोड्या पाण्याचे नव्हे, समुद्राच्या. बॅटरीत गंधकाम्ल असते. खारे पाणी आत शिरले तर क्लोरीन वायू तयार होतो आणि तो विषारी असतो. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुड्या पाण्याखाली गेल्या की बॅटऱ्यांवर चालतात. तिथे ही भीती केवढी मोठी असेल, बघा.

या सगळ्या गडबडीत लक्ष्मीपूजन आले. बॅटरी शेडमध्ये चार्जिंगला लावलेली, तिच्या झाकणांतून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता. संध्याकाळी आजी ताम्हणात पेटते निरांजन घेऊन शेडमध्ये आली. घरात नवी वस्तू आली आहे, तिला ओवाळायला नको का?

"आई, थांब! तिथेच थांब!" मामा असा ओरडला की ताम्हण आजीच्या हातून पडायचेच बाकी राहिले.

बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत तो शंभरात चार भाग जरी मिसळला तरी एक ठिणगी पुरते. आणि तो हवेपेक्षा हलका, म्हणून वर जाऊन साठतो. बॅटरीच्या लाकडी खोक्याला मामाने भोके पाडली होती ती तळाला नव्हे, वरच्या कडेला, ती यासाठीच. आजीने सगळे ऐकून घेतले. निरांजन देवघरात ठेवून आली आणि बॅटरीला लांबूनच हळदकुंकू वाहिले. "ज्योत नको तर नको. अक्षता तर चालतील ना हिला?"

आता जागा पक्की झाली असे आम्ही धरून चाललो. मामाने मुंबईहून होकायंत्र आणले होते. ते त्याने मधल्या बाकावर छान स्क्रूने बसवले. दिवे लावून बघायचा मान ताईला मिळाला. तिने बटण दाबले, दिवे लागले आणि ती किंचाळली, "बाबा, उत्तर हलली!"

खरेच! दिवे लावले की होकायंत्राची सुई सरकायची, विझवले की परत जागेवर. १८२० साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकांनी नेमके हेच पाहिले होते. तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसुई वळते. आमच्या सातपूरच्या शेडमध्ये तो शोध दुसऱ्यांदा लागला! बाकाच्या खाली बॅटरी, बाकाच्या वर होकायंत्र, मधे तारा. सुई बिचारी काय करणार?

पण यावेळी बॅटरी जागची हलली नाही, होकायंत्र हलले. ते मीटरभर लांब गेले. आणि दिव्याकडे जाणाऱ्या व परत येणाऱ्या दोन्ही तारांना ताईने वेणी घातल्यासारखा पीळ दिला. एकीतून वीज जाते, दुसरीतून उलट दिशेने येते. दोघी जवळजवळ असल्या की एकीचा परिणाम दुसरी जवळपास पुसून टाकते. तारा जाड घेतल्या होत्या, कारण बारीक आणि लांब तार वाटेतच दाब खाते आणि दिवा मिणमिणतो. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला.

शेवटचे काम उरले होते, बॅटरी पाटावर बांधायची. निवारीचा रुंद पट्टा आणि त्याला लोखंडी बक्कल. हे काम माझ्याकडे होते.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला अजूनही जड जाते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही धरणावर गेलो. सकाळी मी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातले. त्यासाठी पट्टा सोडावा लागला. झाकणे परत लावली, खोके पाटावर ठेवले, पट्टा वरून टाकला आणि तेवढ्यात ताईने चिवड्याचा डबा उघडला. बक्कल लावायचे राहिले. राहिले म्हणजे मला ते दिसत होते. मग लावू म्हटले. थोड्या वेळाने मामाने विचारले, "पट्टा ओढून पाहिला का?" विचारले ते ताईला, कारण निघण्यापूर्वीची तपासणी तिच्याकडे होती. ताईने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. ती म्हणाली, "हो."

पाणी काठोकाठ भरलेले होते. पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे डोंगर निळे दिसत होते. तासभर होडी इतकी सुंदर चालली की मामा चक्क गाणे म्हणू लागला. आणि मग डोंगराकडून एक जोराचा झोत आला. होडी कलली. शिडाच्या होडीने कलायचेच असते, त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. पण बाकाखालून 'घर्रर्र' असा आवाज आला, खोके पाटावरून घसरले आणि खालच्या बाजूला जाऊन धाडकन आपटले. आधीच कललेल्या होडीच्या खालच्या कडेला बारा किलो! कडेवरून पाणी आत आले. मामाने हातातली शिडाची दोरी सोडून दिली. शीड फडफडले, होडी सावकाश सरळ झाली. सगळे मिळून पाच-सात सेकंद. मला मात्र ते फार लांब वाटले.

"पाय वर! दोघेही पाय वर घ्या!" मामा ओरडला. बॅटरी आडवी झाली होती आणि झाकणांतून अ‍ॅसिड गळत होते. माझे पाय बाकावरच होते. ताईचा घोटा मात्र त्या पाण्यात बुडला होता. मामाने तिचा पाय हातात धरून त्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. डब्यामागून डबा, किती वेळ कोण जाणे. ताई रडली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

पुढचे ऐका. होडीच्या तळात आता धरणाचे पाणी आणि अ‍ॅसिड यांचा काढा झाला होता. मी तो डब्याने उपसून बाहेर फेकणार, तोच मामाने माझा हात धरला. "हे नाशिकच्या नळाचं पाणी आहे."

मोठा झाल्यावर मी हिशेब केला. गंगापूर धरणात पाच हजार दशलक्ष घनफुटांहून जास्त पाणी मावते. त्यात आमचे कपभर अ‍ॅसिड म्हणजे काहीच नाही. एकदा हे मामाला सांगितलेही. तो म्हणाला, "मलाही माहीत होतं. पण तरी टाकवलं नसतं."

वल्ही मारत, पाय वर धरून, आम्ही काठाला आलो. मामाच्या पिशवीत खाण्याच्या सोड्याचे मोठे पाकीट होते. बॅटरी आणली त्या दिवसापासून ते होडीबरोबर असायचे. सोडा टाकला तसा तळातून पांढरा फेस फसफसत वर आला. फेस येणे पार थांबेपर्यंत मामा सोडा टाकत राहिला. मग ते पाणी बादल्यांत भरून आम्ही घरी नेले.

पट्टा तुटलेला नव्हता. बक्कल नुसते उघडे होते. मामाने ते हातात घेतले आणि ताईला म्हणाला, "तू हो म्हणालीस. न बघता हो म्हणालीस. तुझ्या हातात मी दोघांचा जीव दिला होता." मामाला इतक्या हळू आवाजात रागावताना मी कधी ऐकले नव्हते. ताई गप्प. घोट्यावर ओले फडके. आणि मीही गप्प. मित्रांनो, मी त्या वेळी बोललो नाही. रस्ताभर बोललो नाही. संध्याकाळी आजीने ताईच्या पायाला काय झाले विचारले, तेव्हाही नाही.

रात्री जेवताना आजीने मला आवडते म्हणून श्रीखंड वाढले. ते काही घशाखाली उतरेना. ताटावरून उठलो आणि शेडमध्ये गेलो. मामा बॅटरी पुसत होता. मी म्हणालो, "मामा, बक्कल मी लावलं नव्हतं. ताईला मी खोटं सांगितलं."

मामाने मान वर केली नाही. बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "मला नको सांगूस. तिला सांग, आणि मग दोघं इथे या."

मी ताईला सांगितले. ती म्हणाली, "मला माहीत होतं." झाले, एवढेच. मग तिने मला एक जोरदार चिमटा काढला. त्याचा वळ दोन दिवस होता आणि मला तो असल्याचे बरे वाटत होते.

त्या रात्री आम्ही तिघांनी जागेत एक बदल केला. बॅटरी तिथेच राहिली, पण खोक्याच्या चारही बाजूंना पाटावर सागाचे ठोकळे स्क्रूने पक्के बसवले, खोके त्यांच्यात घट्ट बसेल असे. आता पट्टा विसरला तरी खोके घसरणार नव्हते. मामा म्हणाला, जागा ठरवताना आपण होडी सरळ धरून चाललो होतो. कलल्यावर काय, हे कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

पुढे २००९ साली गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' नौदलात आली. तीच घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून असे करणारे ते पहिले भारतीय. पेपरात फोटो आला तेव्हा लोकांनी शिडे पाहिली असतील. मी मनात विचारत होतो, छप्पन्न फुटांच्या या होडीत बॅटऱ्या कुठे असतील? २०१८ च्या सप्टेंबरात अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. ती बातमी वाचतानाही माझ्या कानात तो 'घर्रर्र' आवाज होता.

आणि आमची होडी? ती मुरुडला गेली खरी, पण २००० सालच्या मार्चमध्ये, आणि तेव्हा माझी दहावीची परीक्षा होती. मामा आणि ताईच गेले. भूगोलाच्या पेपरच्या आदल्या दिवशी ताईचे पोस्टकार्ड आले. समुद्र कसा आहे, जंजिरा कसा दिसतो, काही नाही. दोनच ओळी होत्या: "घोट्यावरचा डाग उन्हात जास्त दिसतो. निघताना पट्टा दोनदा ओढून पाहिला, एकदा माझ्या वाटचा आणि एकदा तुझ्या."